काळा घोडा की वांद्रे?

मुंबईत एकच मोकळा दिवस आहे, थोडी खरेदी आणि काही बघण्यासारखं बघणं, दोन्ही साधायचं आहे, असं कुणी म्हणालं की हल्ली दोन नावं पुढे येतात: दक्षिण मुंबईतला काळा घोडा आणि वांद्रे पश्चिम. दोन्हीकडे मी एकटा भटकलो आहे, पाहुण्यांना घेऊनही फिरलो आहे. माझा कल काळ्या घोड्याकडे आहे, तो लपवत नाही. पण वांद्र्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, तेव्हा ते आधी.

कपडे, चपला, खोटे दागिने, पिशव्या हेच मुख्य असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, सरळ वांद्र्याला जा. लिंकिंग रोड आणि हिल रोडवर घासाघीस करणाऱ्याला अजूनही मान आहे. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर सुरुवात करायची आणि गरज पडली तर पाठ फिरवून दोन पावलं चालायचं, एवढं तंत्र पुरतं. काळ्या घोड्याची दुकानं वेगळ्या जातीची. काचेआड मोजकेच कपडे टांगलेले, आत शांतता, आणि किमतीची चिठ्ठी पाहून ती तितक्याच हळुवारपणे सोडून द्यायची. जवळच कुलाबा कॉजवे आहे, उलट दिशेला आझाद मैदानाजवळ फॅशन स्ट्रीट आहे, पण चपलांच्या बाबतीत तरी मला हिल रोडच लाभला आहे.

बघण्यासारखंही वांद्र्यात कमी नाही. मोतमाउलीचं आजचं चर्च 1904 सालचं. बाहेर मेणाची घरं, हात, पाय, बाळं विकायला असतात, ज्याचा नवस त्या आकाराचं मेण, आणि ते घेणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं दिसतात. टेकडी उतरून समुद्राशी गेलं की पोर्तुगीजांचा 1640 चा किल्ला, समोर सागरी सेतू. रणवारच्या गावठाणात ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या, मूळच्या इथल्याच ख्रिस्ती लोकांची लाकडी जिन्यांची जुनी घरं अजून तग धरून आहेत. चॅपल रोडवर भिंती रंगवलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस. हे सगळं मला मनापासून आवडतं.

पण या प्रत्येक वाक्यानंतर एक रिक्षा करावी लागते, आणि माझं घोडं तिथेच अडलं. कागदावर ही अंतरं किरकोळ आहेत. प्रत्यक्षात फुटपाथवर गाड्या नाहीतर स्टॉल, खाली रस्त्यावर उतरलं तर मागून हॉर्न, आणि मोतमाउलीचा चढ वेगळाच. म्हणून रिक्षाला हात करायचा. रिक्षावाला थांबतो, ऐकून घेतो, आणि जवळचं भाडं आहे हे कळताच हनुवटी किंचित वर करून निघून जातो. तोंडाने ‘नाही’ म्हणण्याचेही कष्ट नाहीत. त्याची बाजू मला कळते. हिल रोडच्या कोंडीत किमान भाड्यासाठी अडकून पडणं परवडत नसणार. पण उन्हात, हातात पिशव्या आणि सोबत मावशी असताना ही समज फार काळ टिकत नाही. वांद्र्यातल्या माझ्या दिवसांचा मोठा भाग बघण्यापेक्षा हात दाखवण्यात गेला आहे. तुमचं नशीब याहून बरं असू शकेल.

माहीमच्या खाडीपलीकडे दक्षिण मुंबईत रिक्षाच नाही, आणि काळ्या घोड्यावर तिची आठवणही येत नाही. चर्चगेटहून चालत या किंवा भुयारी मेट्रोने हुतात्मा चौकात वर या. मग दिवसभर पायच पुरतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी सकाळ मोकळी ठेवा. वास्तुकार जॉर्ज विटेटची ही इमारत 1914 मध्ये उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धात तिथे आधी रुग्णालय चाललं आणि संग्रहालय म्हणून ती 1922 मध्ये उघडली. घुमटाचा नमुना विजापूरच्या गोल घुमटाचा. शिरल्यावर लगेच खजिन्याकडे धावू नका, आधी मधल्या दालनातल्या लाकडी कमानी आणि खांब बघा. नाशिकच्या एका वाड्याचा लिलाव झाला तेव्हा विटेटने ते विकत घेऊन इथे बसवले. मीरपूरखासच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्तींसमोर मी नेहमी ठरवल्यापेक्षा जास्त वेळ उभा राहतो. शस्त्रांच्या दालनात मात्र मी फार रमत नाही.

बाहेर पडून जरा चाललं की 1952 ची जहांगीर आर्ट गॅलरी. प्रवेश फुकट, आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतःच चित्राशेजारी खुर्ची टाकून बसलेला. सगळीच चित्रं चांगली असतात असं नाही, काही तर हॉटेलच्या लॉबीसाठीच काढल्यासारखी, पण ज्याने काढलं त्यालाच ‘हे असं का?’ विचारता येतं. रस्त्यापलीकडे डेव्हिड ससून ग्रंथालय, 1870 चं, आणि थोडं आत निळ्या रंगाचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, 1884 चं. याच पट्ट्यात वॉटसन हॉटेलची ओतीव लोखंडाची जर्जर इमारत आहे. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईकरांनी पहिल्यांदा तिथेच पाहिली. आणि ज्याच्यावरून नाव पडलं तो घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, 1965 मध्येच इथून हलला आणि आता राणीच्या बागेत आहे. चौकात हल्ली दिसतो तो 2017 चा, स्वाराशिवायचा.

काळ्या घोड्याची दुखणीही आहेत. खाणं एकतर फुटपाथवरचं नाहीतर खिसा कापणारं. मधलं काही हवं असेल तर फोर्टात आत शिरून इराण्याकडे जावं लागतं. फेब्रुवारीच्या आसपास कलामहोत्सव भरतो तेव्हा सेल्फीवाल्यांतून वाट काढताना चित्रं राहूनच जातात. आणि ऑफिसं सुटल्यावर गल्ल्या ओस पडतात, तर वांद्र्याला खरी जाग तेव्हाच येते.

म्हणून दोन्ही बसवायचंच असेल तर सकाळ काळ्या घोड्याला द्या. सोमवार टाळा, कारण वस्तुसंग्रहालयासमोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. संध्याकाळी चपलांसाठी वांद्रे गाठा, पण चर्चगेटहून पाचच्या आत निघा आणि बोरिवलीची गाडी पकडा. लांब जाणाऱ्यांच्या विरार गाडीत मध्येच वांद्र्याला उतरणारा म्हणून चढलात तर दारातली मंडळी जे बोलतील, त्यापुढे रिक्षावाल्याची हनुवटी बरी वाटेल.