एका मशीनवर दोन लिनक्स ठेवताय? मग रीफाइंड बघाच

आमच्याकडं पीसी एक आणि वापरणारे दोघं, भावाचं चादरींचं बिलिंग लिनक्स मिंटवर आणि माझं सगळं डेबियनवर (हे पण लिनक्सच), म्हणून ड्युअल बूट, म्हणजे मशीन चालू करताना कुठली सिस्टीम ते निवडायचं. ही निवड करायचा मेनू दाखवतं ते रीफाइंड. नवी पेठेत एका दुकानात विचारलं तर म्हणे विंडोज आणि लिनक्स करून देतो, दोन-दोन लिनक्स घेऊन काय करणार ओ. म्हणून घरीच केलं.

इन्स्टॉल करायला काही लागत नाही, कटकट नंतर सुरू होते. लिनक्ससोबत ग्रब हा बूट मेनू आपोआप येतो, तो कुठल्यातरी एकाच सिस्टीमच्या ताब्यात असतो, समजा मिंटच्या, आणि डेबियनमध्ये नवीन कर्नल (सिस्टीमचा गाभा) आला की मिंटच्या ग्रबला त्याचा पत्ताच नसतो, तो आपला जुन्याच कर्नलवर नेऊन सोडतो, आणि जुना काढून टाकला असेल तर एरर दाखवून गप बसतो. मग मिंटमध्ये जाऊन अपडेट-ग्रब ही कमांड मारा, आणि हे दर वेळी. त्यात 2021 च्या ग्रब 2.06 पासून ओएस-प्रोबर, म्हणजे शेजारची सिस्टीम शोधणारा प्रोग्रॅम, मुळातच बंद ठेवलाय. मिंटनं तो चालू ठेवलाय, पण जिथं बंद आहे तिथं आधी सेटिंग बदलायचं.

रीफाइंडचं तसं नाही. त्याला कुठली यादी बनवून द्यावी लागत नाही, मशीन चालू झालं की दर वेळी डिस्क स्वतः चाळतंय आणि जो कर्नल सापडेल त्याचं आयकॉन समोर. रॉड स्मिथ यांनी 2012 मध्ये रीफिट नावाच्या जुन्या बूट मेनूवरून हे काढलं. डेबियनमध्ये एप्ट या कमांडनं टाकलं की ईएसपीवर (बूटच्या फायलींचं पार्टिशन) बसवू का विचारतं, हो म्हणा, झालं. एकाच सिस्टीमचे सगळे कर्नल एका आयकॉनखाली गोळा होतात, जुना पाहिजे असेल तर एफ-टू दाबा.

आता त्रास पण सांगतो. पहिल्यांदा मेनूत आयकॉनची जत्राच भरते, कारण कर्नल वेगळे आणि ग्रबच्या एंट्र्या वेगळ्या. नको त्यावर जाऊन डिलीट दाबलं की लपते. मिंटच्या बूट फोल्डरमध्ये रीफाइंड_लिनक्स.कॉन्फ ही बूट ऑप्शनची फाइल नसेल तर रीफाइंड एफएसटॅब (पार्टिशनच्या यादीची फाइल) बघून रूट, म्हणजे मिंटचं मुख्य पार्टिशन, शोधतं आणि मिंट चालू होतं, पण ओळी लपवून लोगो दाखवणारे क्वाएट स्प्लॅश हे ऑप्शन जात नाहीत, मग काळ्या स्क्रीनवर धडाधड ओळी पळतात. भाऊ बघून ओरडला, "काय केलास बे, बिलं गेली का?" ती फाइल टाकली आणि मिंटचा लोगो परत आला. टाइमआउट, म्हणजे मेनू किती वेळ थांबतो ते, आधीपासून 20 सेकंद असतं, लईच होतं, मी 5 केलं.

आणि हो, उबंटू आणि मिंट अशी जोडी असेल तर जपून, दोघंही ईएसपीवर उबंटू याच नावाचं फोल्डर वापरतात, म्हणजे नंतर टाकलेला आधीच्याचं ग्रब पुसतो. डेबियनचं फोल्डर वेगळं असतंय. एखाद्या अपडेटनंतर ग्रब परत पुढं येऊन बसला तर ईएफआयबूटएमजीआर या कमांडनं बूटचा क्रम बदलायचा.

जुना सेकंडहँड पीसी, नुसत्या लेगसी बायोसवाला (ईएफआय नसलेला) असेल तर हे चालणारच नाही, तिथं ग्रबच. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलेच प्रोग्रॅम बूट होऊ देणारं सेटिंग) चालू ठेवायचं असेल तर शिम हा सही केलेला छोटा प्रोग्रॅम आणि सहीच्या कीज यांचं वेगळं लफडं आहे, मी सरळ बंद केलं. बूट पार्टिशन एनक्रिप्ट असेल तर रीफाइंडला कर्नल दिसत नाही. एवढ्यासाठी एक स्टार कापला, पाचपैकी चार.