पेन चांगलं, टोपण वाईट

अडीच वर्षांत पासष्ट पेनं टोचून झाली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. वस्तू म्हणजे ॲडॅलिमुमॅब या सांध्यांच्या आजारावरच्या इंजेक्शनचं तयार भरलेलं पेन, 40 मिलिग्रॅमचं, दर चौदा दिवसांनी एक. कंपनी भारतातलीच आहे. नाव लिहीत नाही, कारण या धंद्यात माझी निम्मी माणसं आहेत आणि उरलेल्या निम्म्यांशी भांडण काढायचं वय राहिलं नाही.

माझं म्हणाल तर मी इम्युनॉलॉजीवाली, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारी. पुण्यात सव्वीस वर्षं औषधशोधाच्या लॅबमध्ये काढली, त्यातली शेवटची अकरा याच रेणूच्या मागे. 'हे बनवलेलं अँटिबॉडी (एकाच लक्ष्याला धरणारं प्रथिन) खरोखर काम करतं का' एवढंच मोजायचं, आणि ते रोज मोजायचं. मग एका पावसाळ्यात सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येईना. तासभर बोटं मिटत नसत. या आजारात रक्तात सापडणाऱ्या अँटी-सीसीपीचा आकडा रिपोर्टवर पाहिला तेव्हा डॉक्टरांनी काही सांगायची गरज उरली नव्हती. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आजीच्या भाषेत आमवात. मेथोट्रेक्सेट या पहिल्या औषधावर काही महिने काढले, सूज हटेना. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता तुमचंच औषध तुम्हाला देऊ या." त्यांना विनोद करायचा होता. मला हसू आलं नाही, पण नाही म्हणायलाही काही नव्हतं.

आधी रेणूबद्दल, कारण त्याला मी मनापासून मार्क देते.

आमच्या लॅबमध्ये चालायची ती चाचणी अशी. एल929 नावाच्या उंदराच्या पेशी, आम्ही त्या विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या संस्थेतून आणलेल्या. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये त्या पसरायच्या आणि वर टीएनएफ, म्हणजे शरीरात दाह पेटवणारं प्रथिन, घालायचं. सोबत थोडं ॲक्टिनोमायसिन डी, नाहीतर पेशी चिवटपणा करतात. रात्रीत त्या मरतात. पण टीएनएफबरोबर आपलं अँटिबॉडी घातलं असेल तर ते टीएनएफला आधीच धरून ठेवतं आणि पेशी वाचतात. दुसऱ्या दिवशी एमटीटी घालायचं. ते द्रावण पिवळं असतं आणि जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. म्हणजे जांभळं ते जिवंत, पिवळं ते मेलेलं. अँटिबॉडी एकेका रकान्यात पातळ करत नेलं की दुपारी चारच्या सुमाराला प्लेटवर जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत पायऱ्या उतरलेल्या दिसतात. रीडरमध्ये घालायच्या आधी मी प्लेट खिडकीशी धरून बघायची. नव्या मुली हसायच्या, "मॅम, मशीन आहे ना." आहे, पण फसलेली प्लेट मला खिडकीशीच कळायची.

टीएनएफ अडवून सांधे बरे करायची कल्पना लंडनची. टीएनएफला ते नाव 1975 साली मिळालं, कर्करोगाच्या गाठी मारून टाकणारा पदार्थ म्हणून. सांध्यांशी त्याचा संबंध असेल असं तेव्हा फारसं कुणाच्या मनात नव्हतं. 1989 मध्ये फिओनुला ब्रेनन आणि तिच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या सांध्यांतल्या अस्तराच्या पेशी ताटलीत वाढवल्या आणि त्यांच्यात टीएनएफला अडवणारं अँटिबॉडी घातलं. नुसतं टीएनएफ अडलं असतं तर बातमी नव्हती. तिथं आयएल-1 हे दाह वाढवणारं दुसरं प्रथिनसुद्धा खाली आलं. म्हणजे दाहाच्या साखळीत टीएनएफ वरच्या कडीला बसलंय, ते अडवलं की खालचे आपोआप गप्प होतात. लोकांना वाटायचं, शरीरात इतके सायटोकाइन, म्हणजे असले दाहाचे निरोपे, एकमेकांची कामं करतात, एकाला अडवून काय होणार? 1992 मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी ते माणसांत करून दाखवलं. मैनी मूळचे लुधियानाचे. त्यांचं औषध वेगळं होतं, अर्धवट उंदराच्या अँटिबॉडीचं. आपलं ॲडॅलिमुमॅब पुढचं, पूर्ण मानवी बांधणीचं. केंब्रिजच्या एका कंपनीनं बीएएसएफ या जर्मन कंपनीसाठी फाज डिस्प्लेनं (जिवाणूंच्या विषाणूंवर प्रथिनं मांडून हवं ते निवडायची रीत) शोधलेलं, लॅबमधलं नाव डी2ई7. अमेरिकेत मंजुरी 31 डिसेंबर 2002 ला. त्या फाज डिस्प्लेसाठी ग्रेगरी विंटर आणि जॉर्ज स्मिथ यांना 2018 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा आमच्या कँटीनमध्ये कुणीतरी पेढे आणले होते. जणू आमच्याच भाच्याला मिळालं.

आणि एक गोष्ट आपण फारशी सांगत नाही. ॲडॅलिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जुळणारी दुसऱ्या कंपनीची आवृत्ती, भारतात आलं, झायडस कॅडिलानं, डिसेंबर 2014 मध्ये, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शात. अमेरिकेतल्या रुग्णांना या औषधाचं पहिलं बायोसिमिलर मिळायला 2023 उजाडावं लागलं. मी आज वापरते ते कुणाचंही असो, ते मला परवडतं याचं कारण तिथून सुरू होतं.

गुण कधी आला? तिसऱ्या पेनानंतर. एका सकाळी ओट्यावरचं फडकं पिळून वाळत घातलं आणि पाच मिनिटांनी लक्षात आलं, की मी ते पिळलं. दोन्ही हातांनी. मग परत दोरीवरून काढलं, ओलं केलं आणि परत पिळलं. एकदा झालं ते पुन्हा करून पडताळायला नको का?

आता पेन. वर खिडकी, एका टोकाला सुईचं टोपण, दुसऱ्या टोकाला बटणाचं टोपण. दोन्ही सरळ ओढून काढायची, फिरवायची नाहीत. आणि दोन्ही घट्ट. इतकी घट्ट, की ज्याची बोटं सुजली आहेत त्याला निघू नयेत. हे औषध कुणासाठी आहे? ज्याची बोटं सुजली आहेत त्याच्यासाठी!

पहिल्या महिन्यात मी दातांनी ओढून पाहिलं. ते करू नका. नंतर नवऱ्याला सांगितलं, "ओढ, फिरवू नकोस." त्यानं तीस वर्षं बाटल्यांची झाकणं फिरवली आहेत, त्यानं फिरवलं. सुई वाकली, औषध तांबड्या टॉवेलवर गेलं आणि पुढचं पेन यायला पाच दिवस. हेल्पलाइनवरच्या मुलीनं बॅच नंबर लिहून घेतला आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं, "मॅम, ते ओढायचं असतं." शेवटी उपाय माझ्या जुन्या सवयीत सापडला. लॅबमधले नायट्राइलचे हातमोजे. दोन्ही हातांत घातले की पकड बसते आणि टोपण निघतं. कंपनीनं खोक्यात माहितीपत्रक बारा घड्यांचं दिलंय, त्याऐवजी एक जोडी मोजे द्यावेत.

यात माझाही हात आहे, ते लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. साधारण 2016 ची गोष्ट असेल. मी होते त्या ठिकाणी असल्याच एका पेनाचे नमुने आले. आम्ही सहाजण मीटिंगच्या खोलीत बसलो, सहाही जणांची बोटं ठणठणीत. टोपणं ओढली, स्पंजवर टक्कन टोचलं, खिडकीत पट्टी आली. मी म्हटलं, "मस्त आहे." कागदावर टिक केली आणि समोसे खाल्ले. प्रथिनाच्या शुद्धतेवर आम्ही तासन्‌तास वाद घालत असू, एका टक्क्याच्या गुठळ्यांसाठी अख्खी बॅच अडवलेली आहे. टोपणाला किती जोर लागतो हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

टोचल्यावर काय होतं तेही सांगते. बटण दाबलं की टक. मग मनात पंधरा मोजायचे, पेन हलवायचं नाही. खिडकीत पिवळी पट्टी पूर्ण आली की झालं. पिवळं! अकरा वर्षं ज्या डोळ्यांना पिवळं म्हणजे मेलेलं शिकवलं, त्यांना अजून दर वेळी क्षणभर चर्र होतं. टोचताना झोंबतं, कारण माझ्या पेनात सिट्रेट नावाचा क्षार आहे आणि औषध 0.8 मिलिलिटर आहे. बाजारात आता सिट्रेटशिवायची, 0.4 मिलिलिटरची पेनंही मिळतात, ती कमी झोंबतात. डॉक्टरांना विचारून बदलायच्या विचारात आहे. तोवर टोचण्याआधी अर्धा तास फ्रिजबाहेर काढून ठेवते. गरम पाण्यात किंवा उन्हात नाही, नुसतं टेबलावर.

फ्रिजवरून आठवलं. हे 2 ते 8 अंशांत ठेवायचं. गुरुवारी दुरुस्तीसाठी तीन-चार तास वीज गेली तर घाबरू नका, फ्रिजचं दार तेवढं उघडू नका. मी पेनं मधल्या कप्प्यात विरजणाच्या मागे ठेवते, फ्रीझरच्या खाली अजिबात नाही. गरमीपेक्षा मला गोठण्याची भीती जास्त वाटते. प्रथिन गोठून वितळलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि गुठळ्या दिसल्या की शरीर औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवायला सरसावतं.

आणि नेमकं तेच घरपोच देणाऱ्या दुकानानं केलं. मे महिना, दुपारचे दोन, थर्माकोलचं खोकं. पोरगा घामानं निथळत होता, त्याला आधी पाणी दिलं. म्हणाला, "काकू, बर्फ भरपूर घातलाय, टेन्शन नका घेऊ." उघडलं तर दगडासारखी कडक जेलची पाकिटं थेट पेनाच्या खोक्याला चिकटलेली, मध्ये साधा पुठ्ठाही नाही. खोक्याच्या एका बाजूला बर्फाची पांढरी साय. मी घेतलं नाही. पोराला वाटलं काकू उगाच खुसपट काढतात. दुकानाशी तीन फोन झाले, तिसऱ्या फोनवर मी 'कोल्ड चेन' (औषध शेवटपर्यंत ठरल्या थंडाव्यात ठेवणं) असा शब्द वापरला आणि मग बदलून मिळालं. ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांनी काय करायचं? आता मी स्वतः दुकानात जाऊन, भाजीच्या पिशवीत थंड पाण्याची बाटली आणि जाड टॉवेल घेऊन पेनं आणते.

सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करून घ्या, डॉक्टर विसरले तरी तुम्ही विसरू नका. टीबीचे जंतू शरीरात कोंडून ठेवणारी भिंत टीएनएफच्या जोरावर उभी असते. ते अडवलं की भिंत ढिली पडते आणि आपल्या देशात कितीजणांच्या आत ते जंतू झोपलेले असतात! माझी रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली. वर्षानुवर्षं हा विषय लोकांना समजावून सांगणारी मी, रिपोर्ट हातात धरून रिक्षात बसून राहिले. आधी टीबीवरचं आयसोनियाझिड सुरू झालं, महिनाभरानं पहिलं पेन.

रेणूला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो झोंबण्याबद्दल, आणि तोही खरं तर सिट्रेटचा दोष. पेनाला अडीच, टोपण बदललं तर चार करीन. दुकानाला एक, तोही त्या पोरासाठी.

रिकाम्या पेनांचं मात्र कुणीच सांगत नाही. घरच्या कचऱ्यात टाकू नका, आपल्याकडे कचरा वेगळा करणाऱ्या ताई तो हातांनी वेगळा करतात. मी लोणच्याच्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवते आणि भरली की दवाखान्यात नेऊन देते. मागच्या वेळी कंपाउंडरनं बरणी वर धरून लेबल वाचलं, "कैरीचं?" म्हणाला, आणि सुयांच्या डब्यात रिकामी करून बरणी मला परत दिली. झाकण त्यानं लावून दिलं, जरा जास्तच घट्ट.