गाठ काढली, पण तपासलीच नव्हती

मुलगी १३ वर्षांची असताना तिच्या मांडीत गाठ आली. दुखत नव्हती. सर्जन म्हणाले, "चरबीची गाठ आहे, काढून टाकू." मुलांच्या बहुतेक गाठी साध्याच असतात हे खरं, म्हणून आम्हीही निर्धास्त राहिलो. सोनोग्राफी नाही की एमआरआय नाही. सातव्या महिन्यात टाक्यांच्या खुणेखालीच पुन्हा काहीतरी कडक हाताला लागलं.

"काहींची प्रकृतीच गाठींची असते," म्हणत त्यांनी ती दुसऱ्यांदा काढली. या वेळी मी हट्टच धरला, तपासायला पाठवाच. बिलात बायोप्सीचे पैसे वेगळे लावले, आम्ही ते भरले. आठवड्याने एका लॅबच्या नावाचा कागद मिळाला: साधी गाठ, काळजीचं कारण नाही.

गाठ तिसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही हॉस्पिटल बदललं. नवे डॉक्टर म्हणाले, "आधीच्या गाठीचा ब्लॉक आणा." गाठीचे तुकडे मेणात बसवून लॅब जपून ठेवते, तो ब्लॉक. मी त्या लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर उघडलं, त्या तारखेच्या आधीचा आठवडा पाहिला, नंतरचा पाहिला, पुन्हा मागे गेली. माझ्या लेकीचं नाव कुठेच नव्हतं. मग कागद निरखून म्हणाली, "ताई, यावर नमुना क्रमांक नाही, पॅथॉलॉजिस्टची सही नाही. हा रिपोर्ट आमचा नाहीच."

गाठ तपासायला कुठेच गेली नव्हती. टाकून दिली होती.

खऱ्या रिपोर्टात गाठीची लांबी-रुंदी-जाडी असते, कडांपर्यंत आजार पोचलाय का ते असतं. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर! तुम्ही नमुन्याच्या डबीवरचं नाव स्वतः वाचा आणि लॅबचीच पावती मागा. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, खोल असेल, वाढत असेल किंवा काढूनही परत आली असेल, तर एमआरआय आणि बायोप्सीआधी कुणालाही ती कापू देऊ नका. क्वचित अशा गाठीत सार्कोमा, म्हणजे कॅन्सरही निघतो. त्या शक्यतेने माझ्या कित्येक रात्री झोपेविना गेल्या.

एमआरआयनंतर सुईने तुकडा घेतला. सुई कुठून घालायची हेही सर्जननी आधी ठरवलं, कारण पुढे ऑपरेशन लागलंच तर सुईची वाटही काढावी लागू शकते. निदान आलं डेस्मॉइड. ही गाठ शरीरात दूर पसरत नाही, पण आजूबाजूच्या स्नायूत शिरते आणि काढली तरी पुन्हा येऊ शकते. म्हणून हल्ली बऱ्याचदा आधी नुसतं लक्ष ठेवतात, वाढली तर औषध देतात. माझ्या लेकीवर दोनदा सुरी चालली ती निदानाशिवायच.

आता ती १६ वर्षांची आहे. ठरावीक महिन्यांनी एमआरआय होतो आणि दर वेळी डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत बसतात, कारण जुन्या ऑपरेशनचा व्रण कुठे संपतो आणि गाठ कुठे सुरू होते, ते चटकन ओळखता येत नाही.