पारा धरणारी मँगनीज-लोहाची पूड: आपल्या धुराला पुरते का?

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात आणि धूर-राख तपासणं हीच माझी नोकरी. त्यामुळे ही पूड लॅबमध्ये नमुन्याला आली तेव्हा मी ती मागून घेतली. काळीभोर, मैद्यासारखी बारीक. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, “काय भो, काजळ पाडलं का?”

आपल्या कोळशात क्लोरीन कमी. म्हणून धुरातला बराच पारा धातूच्या वाफेच्याच रूपात राहतो. ही वाफ पाण्यात विरघळत नाही, स्क्रबरमधून, म्हणजे धूर धुणाऱ्या यंत्रातून, सरळ वर जाते. पुडीतलं मँगनीज ऑक्साइड स्वतःचा ऑक्सिजन पाऱ्याला देतं, पाऱ्याचं ऑक्साइड कणाला धरून बसतं आणि रिकामी झालेली जागा धुरातला ऑक्सिजन भरतो. स्वच्छ, कोरड्या वायूत १५० अंशांना हे फार सुरेख चाललं.

विक्रेत्याच्या पत्रकातले आकडेही अशाच स्वच्छ वायूतले आहेत, आणि माझा राग तिथेच आहे. चिमणीत असतो तसा सल्फर डायऑक्साइड सोडला, तशी पकड ढिली पडत गेली. मँगनीजचं सल्फेट होतं, मग पाऱ्याला जागाच उरत नाही. विकत घेणाऱ्याने आधी गंधकातले आकडे मागावेत, भाव नंतर.

लोह मात्र मनापासून आवडलं. चुंबक फिरवला की पूड राखेतून वेगळी निघते. राखेतले मूळचे थोडे लोहकण सोबत येतात, तेवढं चालतं. पारा धरायला एरवी वापरतात तो सक्रिय कार्बन (सच्छिद्र कोळशाची पूड) राखेतच राहतो आणि ती राख काँक्रीटमध्ये घातली की हवेचे बुडबुडे धरायला घातलेलं रसायन पिऊन टाकतो. मग ती राख कोण घेणार? इकडे राखेवर कितीतरी घरं चालतात.

‘तापवून पुन्हा वापरा’ हेही खरं, पण ५०० अंशांच्या आसपास पारा परत वाफ होऊन सुटतो. ती थंड करून धरण्याची सोय विक्रेता देत नाही, तसा इशाराही पिशवीवर नाही. उघड्या भट्टीत हे कुणीही करू नये.

मोठ्या वीजसंचांसाठी घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम ही पाऱ्याची मर्यादा २०१५ साली आली. ती कागदावर राहू नये असं मला वाटतं, म्हणून ही पूड नाकारलेली नाही. मोठी ऑर्डर तूर्त नको, सेरियम हा धातू मिसळलेला नमुना मागवा, तो गंधकापुढे जास्त टिकतो, असा शेरा मी दिला आहे.