अहंकार सोडण्याची साधना : बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

आत्मविचाराची साधना सुरू करून आता वर्ष होत आलं. सुरुवातीलाच लिहायला बसले असते तर सगळं भारावून लिहिलं गेलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. ज्यांना ही साधना करून पाहायची आहे त्यांना ती रोजच्या जगण्यात कशी चालते, कुठे अडते आणि तिच्याकडून काय मागू नये, एवढं कळावं म्हणून हे लिहिते आहे.

पद्धत दक्षिण भारतातले संत रमण महर्षी यांची. १८९६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मदुराईत त्यांना एकाएकी मृत्यूचं भय वाटलं आणि शरीर मेलं तर नेमकं मरतं कोण, याचा शोध त्यांनी तिथल्या तिथे घेतला. पुढे त्यांनी साधकांना सांगितलं ते थोडक्यात असं : विचार उठला की त्याच्या मागे जायचं नाही, तो कोणाला आला ते विचारायचं. उत्तर येतं, मला. मग हा मी कोण? इथे शब्दांतलं उत्तर नको असतं. 'मी' ही जाणीव जिथून उठते तिकडे लक्ष वळवायचं आणि तिथेच राहायचं. लक्ष सुटलं की पुन्हा.

वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्ष बसल्यावर मात्र पहिले बरेच दिवस त्या प्रश्नाचा नुसता जप होतो. वर 'मी कोण, मी कोण' चालू आणि खाली विचारांची गर्दी जशीच्या तशी. हा प्रश्न जपासाठी नाही, असं महर्षींनी स्पष्ट सांगितलेलं आहे. त्याचा अर्थ मला आसनावर बसून कळला नाही, कामाच्या ठिकाणी कळला.

एका मीटिंगमध्ये मी आधी सुचवलेली मांडणी एका सहकाऱ्याने स्वतःची म्हणून सांगितली. सगळ्यांना ती पटली. माझ्या छातीतून काहीतरी गरम वर चढलं, जबडा आवळला गेला आणि 'हे मी मागेच सांगितलं होतं' हे वाक्य जिभेवर आलं. त्याच वेळी प्रश्न आठवला. लागलं कोणाला? पाहायला गेले तर आवळलेला जबडा होता, ती गरमी होती, ओठांवर आलेलं वाक्य होतं आणि या सगळ्यावर 'माझं' म्हणून हक्क सांगणारी एक पकड होती. तिच्यामागे वेगळं कोणी दिसेना. पकडीकडे सरळ पाहत राहिले तशी ती सैल झाली. ते वाक्य मी नंतर बोललेसुद्धा, कारण कोणतं काम कोणी केलं याची नोंद खरी असायला हवी. पण आवाजात धार नव्हती आणि समोरच्यानेही लगेच मान्य केलं.

अहंकार सोडायचा म्हणजे गप्प बसायचं, पडतं घ्यायचं, हक्क सोडून द्यायचा, अशी समजूत फार पसरलेली आहे आणि तिने साधकांचं खूप नुकसान केलं आहे असं मला वाटतं. सांख्यदर्शनात अहंकार हे एक तत्त्व आहे : बुद्धी म्हणजेच महत्‌पासून अहंकार आणि अहंकारापासून पुढे मन, इंद्रियं, तन्मात्रा (शब्द, स्पर्श वगैरेंची सूक्ष्म रूपं). वेदान्तातही मन, बुद्धी, चित्त यांच्याबरोबर तो अंतःकरणात धरलेला आहे. म्हणजे तो व्यवहाराचं अंग आहे. सोडायची आहे ती त्याची 'हे सगळं मीच करतो' ही समजूत. गीतेचा तिसरा अध्याय नेमकं याच कर्तेपणाबद्दल बोलतो.

आता जे चाललं नाही त्याबद्दल. 'मी काहीच करत नाही, सगळं तोच करतो' हे घोकणं माझ्या उपयोगी पडलं नाही. कामं ढिली पडली आणि वर त्याला समर्पणाचं नाव मिळालं. ठरवून केलेली नम्रता त्याहून अवघड निघाली. सामूहिक ध्यानानंतर सतरंज्या झटकून घड्या घालायचं काम मी घेतलं होतं. माणसं असताना हात भराभर चालत, घडी नीट बसे, पाठ ताठ राहे. दालन रिकामं झालं की तेच हात मंदावत. कोणीतरी पाहावं ही इच्छा बोटांपर्यंत उतरलेली होती. ते दिसल्यावर काम सोडलं नाही. रिकाम्या दालनात मंदावणाऱ्या हातांकडे लक्ष देत राहिले आणि आसनावरच्या कित्येक बैठकांपेक्षा तिथे जास्त शिकले.

साधनेमुळे 'मी' आपोआप लहान होतो, या भरवशावर कोणी राहू नये. जर्मनीत झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासाठी जरूर माहीत असावा. त्यात योग शिकणाऱ्या ९३ जणांना १५ आठवडे आणि ध्यान करणाऱ्या १६२ जणांना ४ आठवडे तपासलं. सरावानंतर स्वतःला इतरांपेक्षा सरस समजण्याची वृत्ती कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. मला हे वाचून धक्का बसला नाही. 'मी यशस्वी'च्या जागी 'मी साधक' येऊन बसतो, आणि हा नवा पाहुणा जुन्यापेक्षा सभ्य असल्यामुळे त्याला कोणी हटकत नाही.

बौद्ध परंपरेने इथे फार बारीक पाहिलं आहे. 'मान', म्हणजे स्वतःला इतरांशी तोलणं, हे तिथल्या दहा संयोजनांपैकी (माणसाला बांधून ठेवणाऱ्या बंधनांपैकी) एक, आणि ते अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, होईपर्यंत सुटत नाही. शिवाय मी वरचढ आहे एवढाच मान नव्हे. मी बरोबरीचा आहे हाही मान आणि मी कमी आहे हाही मानच. हे तिसरं मला सगळ्यात उपयोगी पडलं. स्वतःला सतत कमी लेखणाऱ्याचं लक्षही दिवसभर स्वतःवरच खिळलेलं असतं.

मग इतक्या महिन्यांनी फरक काय पडला? योगसूत्रांत अस्मिता (मी'पणा') आणि इतर क्लेशांच्या, म्हणजे मनाला पिडणाऱ्या दोषांच्या, चार अवस्था दिल्या आहेत : प्रसुप्त (झोपलेली), तनू (क्षीण झालेली), विच्छिन्न (मध्येच खंडलेली), उदार (पूर्ण जोरात असलेली). ही मोजपट्टी लावली तर बहुतेक वेळा माझी अस्मिता फक्त विच्छिन्न असते, म्हणजे दुसरं काही जोरात असल्यामुळे तात्पुरती मागे सरलेली. मन शांत आहे म्हणून ती गेली असं धरून चालत नाही. काही ठिकाणी, विशेषतः टीका ऐकताना, ती खरोखर तनू झाली आहे. पूर्वी एखादा शब्द लागला की दोन-दोन दिवस तो उगाळला जायचा, आता बहुधा संध्याकाळपर्यंत निवतो. स्तुतीच्या बाबतीत मात्र फारसा फरक नाही. स्तुती गोड लागते आणि त्या वेळी प्रश्न आठवतच नाही. टीकेत निदान दुखतं, म्हणून जाग येते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ज्यांचा आत्मविश्वास आधीच मोडलेला आहे, जे अपमान किंवा छळ सोसून आले आहेत, किंवा ज्यांना नैराश्याने ग्रासलं आहे, त्यांनी या साधनेने सुरुवात करू नये. आधी उपचार, आधार आणि पायाखाली भक्कम जमीन. आणि कोणी गुरू वा संस्था तुमच्या रास्त प्रश्नाला 'हा तुझा अहंकार बोलतोय' असं उत्तर देत असेल तर तिथून सरळ बाहेर पडा. अहंकाराची तपासणी ज्याची त्याने करायची असते. दुसऱ्याच्या हातात ती गेली की तिचं हत्यार होतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर सकाळची बैठक चालू ठेवणार आहे, पण वेळ वाढवणार नाही. वाढवायचं आहे ते दिवसभरातलं लक्ष, आणि पुढचे काही महिने फक्त स्तुतीच्या क्षणांवर.