मावशीची एफडी आणि ‘डिजिटल अरेस्ट’

माझी मावशी निवृत्त शिक्षिका, एकटीच राहते. तिला फोन आला: तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून मनी लाँडरिंग झालंय, व्हिडिओ कॉलवर या. समोर खाकी वर्दीतला ‘साहेब’. लगेच व्हॉट्सॲपवर अटक वॉरंट, त्यावर शिक्का आणि भारतीय न्याय संहितेची कलमं. कलमं खरी होती! जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेला हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू झाला. आपल्याला अजून जुनं 420 च आठवतं, भामट्यांनी मात्र नवे आकडे पाठ केलेत.

कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगितलं तर त्यालाही आत टाकू. रात्रभर फोन उशाशी चालू. सकाळी तिने एफडी मोडली आणि ‘पडताळणीसाठी’ आरटीजीएस केलं. बँकेत विचारलंच तर भाचीचं लग्न आहे म्हणून सांगा, हेही त्यांनीच पढवलेलं. (म्हणजे माझं!)

व्हिडिओ कॉलवर असं अडकवून ठेवणं म्हणजेच ‘डिजिटल अरेस्ट’, आणि असं काही आपल्या कायद्यात नाहीच. चौकशीला बोलावण्याची नोटीससुद्धा पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावलंय.

प्रकार उघड झाल्यावर मामा म्हणाले, आधी ओळखीच्या वकिलांना विचारू. त्यात दुपार गेली. पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करा, बाकी सगळं नंतर. तिथून पैसे गेलेल्या बँकांना कळतं आणि खात्यात उरलेली रक्कम रोखली जाते. आमची बरीचशी तोवर भलत्याच खात्यांत फुटून गेली होती.

रोखलेले पैसेही आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 503 खाली कोर्टात अर्ज केलाय, तारखा चालू आहेत. मामेभाऊ मावशीचा फोन फॉरमॅट करायला निघाला होता, त्याला वेळेत अडवलं. चॅट पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम 63 चं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. आणि तोतयेगिरीसाठीचं आयटी कायद्याचं 66ड? जास्तीत जास्त तीन वर्षं, तेही जामीनपात्र. 2008 च्या दुरुस्तीत आलेलं कलम आहे, तेव्हा असले व्हिडिओ कॉल कुणाच्या स्वप्नात होते!

घरात कॉलेजात जाणारी मुलं असतील तर त्यांनाही हे ऐकवा. मावशीचे पैसे ज्या खात्यात पहिल्यांदा गेले, ते एका विद्यार्थ्याचं निघालं. कमिशनच्या लोभाने त्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम तिसऱ्याच्या हवाली केलं होतं. तो आता आरोपी आहे, आणि फोन करणारा ‘साहेब’ अजून सापडलेला नाही.