रेझिस्टन्स बँड, आठ महिने: पाटावरून उठता येतं आता

फेब्रुवारीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची चाचणी, ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या ओसरीवर. वय ५१. डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, रोज सकाळी वडोदऱ्याच्या कमाटी बागेत चालते. ते म्हणाले, "आणि ताकदीचा व्यायाम?" आठवड्याला १५० मिनिटं चालण्याबरोबर निदान दोन दिवस स्नायूंना जोर द्यायला हवा म्हणे. (बागेतून परतताना सेव उसळ होते, हे मी गिळून टाकलं.)

आमचं माहेर-सासर दोन्ही दांडिया बाजारातलं. जुम्मादादा व्यायाम मंदिरावरून हजारदा गेले असेन, व्यायामासाठी आत कधीच नाही. या वयात जिममध्ये जायचा धीर होईना. म्हणून पाच रेझिस्टन्स बँडचा, म्हणजे ताणायच्या रबरी पट्ट्यांचा संच मागवला, सातशेच्या आसपास.

पट्टा डंबेलसारखा नाही. सुरुवातीला ओढायला सोपा, जितका ताणाल तितका जड होत जातो. म्हणून परत सोडताना सावकाश सोडायचा. खरी मेहनत तिथेच आहे, आणि मी पहिला महिना तिथेच चोरी करत होते. कुठला पट्टा किती जड हे ठरवताना रंगांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा लाल वेगळा. माझा क्रम: दारात अडकवून मागे ओढणं, पायाखाली धरून वर उचलणं, आणि मांड्यांभोवती घालून खुर्चीवरून उठ-बस. दिवसाआड वीस मिनिटं, कुकर लावला की सुरू.

आता तक्रारी. दारात अडकवायचा फासा मी चुकीच्या बाजूने लावला होता. लेकाने पलीकडून दार ढकललं आणि मी सोफ्यावर. दार तुमच्याकडे उघडत असेल तर त्या बाजूला उभं राहून ओढायचं नाही, पलीकडच्या बाजूला उभं राहायचं. म्हणजे ओढलं की दार आणखी घट्ट बसतं. दुसरं, मे महिन्यात पट्टा गच्चीवर विसरला. वडोदऱ्याच्या उन्हात रबराला बारीक भेगा पडल्या, मला दिसल्या नाहीत, आणि तो ओढताना तुटून मनगटावर सपकन बसला. आठवडाभर वळ होता. कंपनीने बदलून दिला नाही, "वापरातली झीज" म्हणे. आता ओढण्याआधी पट्टा उजेडात धरून बघते आणि तोंडासमोर कधी ताणत नाही. घामाने चिकटतो, थोडी टाल्कम पावडर लावली की झालं. लॅटेक्सची ॲलर्जी असेल त्यांनी हा घेऊच नये.

वजन फक्त दोन किलो उतरलं. नणंद म्हणाली, "एवढ्यासाठी?" सप्टेंबरमध्ये एचबीए१सी ५.८ आलं. तो आकडा साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगतो, त्यामुळे दर आठवड्याला तपासून जिवाला घोर लावण्यात अर्थ नसतो. पण सगळं श्रेय पट्ट्याला देणार नाही. सेव उसळही आठवड्यात चार दिवसांवरून एका दिवसावर आली आहे, आणि रात्री जेवल्यावर सूरसागर तलावाला एक फेरी असते.

मला खरा फरक गौरीच्या जेवणाला कळला. गेल्या वर्षी पाटावरून उठताना जाऊबाईंनी हात दिला होता. यंदा वाढून झालं, जेवून झालं, हात न टेकता उठले आणि ताटं घेऊन मोरीकडे गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. नवरात्रात शेरी गरब्याला, म्हणजे गल्लीतल्या गरब्याला, अर्धा तास फिरले. गुडघे दुसऱ्या दिवशी बोलले, पण ओरडले नाहीत.

काळा पट्टा अजून पिशवीतच आहे. तो ओढला जात नाही.